नीसमध्ये राहायचं कुठे? समुद्रासमोर की स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात?

सागरवेडी

पॅरिसच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की पुढे नीसला गेलात तेव्हा राहिलात कुठे, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. हॉटेलचं नाव इथे देणार नाही, ज्यांना हवंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकतर जाहिरात वाटायला नको आणि दुसरं म्हणजे जेमतेम वीसेक खोल्यांचं हॉटेल आहे, मालकीणबाईंना उद्या मराठी मेलांचा ढीग आला तर माझ्याच नावाने बोटं मोडतील.

तर मुद्द्यावर येते. नीस हे दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं मिरवणारं शहर आहे. समुद्राला लागून सात किलोमीटरचा तो फिरायचा रस्ता, प्रोमनाद दे झांग्ले, त्यावर १९१३ साली उघडलेलं गुलाबी घुमटाचं नेग्रेस्को हॉटेल, एका बाजूला मोनॅको, दुसऱ्या बाजूला फिल्म फेस्टिवलवालं कान शहर. त्यामुळे बुकिंग करायला बसलं की नजर तिकडेच जाते, सी व्ह्यू, बाल्कनी वगैरे, आणि किंमत दिसली की परत फिरते. आमच्या घरी हे दोनतीन संध्याकाळी चाललं, शेवटी नवरा म्हणाला की समुद्र काय त्या हॉटेलच्या मालकीचा आहे का, आणि विषय संपला.

आम्ही घेतलं ते दोन तारेवालं, नीस-व्हिल स्टेशनपासून पाच मिनिटं आणि समुद्रापासून चालत पंधरावीस मिनिटं. सप्टेंबर संपत आला होता, डबल रूम नव्वदपंच्याण्णव युरोच्या आसपास पडली, सिंगल जरा कमी, शिवाय माणशी रोजचा टुरिस्ट टॅक्स, तो वेगळा काउंटरवर द्यायचा असतो. खोली लहान. म्हणजे दोन बॅगा एकदम उघडायच्या नाहीत एवढी लहान. पण चादरी कडक पांढऱ्या, बाथरूम लख्ख, आणि खिडकीला ते हिरवट लाकडी झडपांचे दरवाजे, दुपारी बंद केले की आत छान गार अंधार.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगते. सोबत सासूबाई होत्या, वय बहात्तर, गुडघ्यांचा त्रास, आणि तो त्रास कोणी बोलून दाखवलेला त्यांना अजिबात खपत नाही. तिघांच्या दोन्ही खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची पाचसहा पायऱ्या चढून गेल्यावर, जुन्या इमारतींत असं बऱ्याच ठिकाणी असतं म्हणे. पहिल्या संध्याकाळी बाहेर पडताना सासूबाई त्या पायऱ्या दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरल्या. काउंटरमागे मादाम, म्हणजे मालकीणबाई, बसलेल्या, साठीच्या, चष्मा साखळीला लावलेला, त्यांनी पाहिलं आणि मान खाली घालून लिहीत राहिल्या. आम्ही जेवून परत आलो तर म्हणाल्या, मदतीची विनंती आहे, तिसऱ्या मजल्यावर आईंच्या खोलीतला शॉवर बघायला उद्या माणूस येणार आहे, त्यांना उगाच त्रास, तळमजल्यावरची अंगणाकडची खोली चालेल का? वर पैसे काहीच नाहीत. सासूबाई लगेच तयार, कारण आता त्या मादामवर उपकार करत होत्या ना! दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक जर्मन जोडपं आलं. शॉवरवाला काही आला नाही.

रात्रपाळीला एक ट्युनिशियाचे गृहस्थ असायचे. सासूबाई पहाटे पाचला उठणार आणि चहा शोधणार हे जगात कुठेही गेलं तरी ठरलेलं. त्या गृहस्थांनी सासूबाईंना पुदिन्याचा चहा करून दिला, काचेच्या छोट्या ग्लासात, साखर भरपूर. मी सातला खाली आले तर दोघं शेजारी बसून एकमेकांच्या फोनमधले नातवंडांचे फोटो बघत होते, ते फ्रेंचमध्ये बोलत होते आणि ह्या चक्क मराठीत, "हा धाकटा, फार वांड आहे" वगैरे. भाषांतर करायला मी पुढे झाले तर दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

आणि मादामचा नकाशा. काउंटरवर फुकट नकाशांचं पॅड होतं, त्यातला एक कागद फाडून लाल पेनाने आधी हॉटेलवर गोल, मग बाण, मग वेळा. त्यांची खरी मदत गोल करण्यात नव्हती, फुल्या मारण्यात होती. जुन्या गावातल्या दोन गल्ल्यांवर सरळ फुली. जिथे मेन्यूवर पदार्थांचे फोटो आहेत आणि दारात माणूस उभा राहून हाका मारतोय तिथे जेवायचं नाही, म्हणाल्या.

माझं मत झालंय ते असं की अशा झगमगाटी शहरात साध्या हॉटेलात राहण्याने नुसते पैसे वाचतात असं नाही, त्या शहरात तुमच्या बाजूचं एक माणूस मिळतं. मोठ्या हॉटेलात सेवा मिळते, उत्तमच मिळते, पण ती सगळ्यांना सारखी. तुमचे अनुभव लिहा.

---

तिरकस

छान लिहिलंय, पण सॉरी, हा सगळा नशिबाचा भाग आहे हो ताई. मीही त्याच स्टेशनच्या परिसरात राहिलोय, दोन तारेच. नाव मीही घेत नाही. जुलै महिना, एसी नाही, खिडकी उघडायची ती चारही बाजूंनी भिंती असलेल्या एका चौकोनी विहिरीत, समोरच्या किचनचा धूर आत. वेबसाइटवर लिहिलेलं 'शांत खोली'. शांत होतीच, हवाच येत नव्हती तर आवाज कुठून येणार. रिसेप्शन संध्याकाळी आठला बंद, दाराचा कोड मेलवर पाठवला होता म्हणे, मेल गेला स्पॅममध्ये, आम्ही फ्लाइट लेट होऊन रात्री अकराला फुटपाथवर. फोन लावला तर उचलून एक वैतागलेला आवाज कोड सांगून मोकळा.

त्यामुळे 'साधं म्हणजे प्रेमळ' हे समीकरण मला मान्य नाही. साधं म्हणजे साधं. कधी प्रेमळ असतं, कधी नुसतंच कळकट असतं.

---

सागरवेडी

तिरकस, समीकरण मी मांडलेलंच नाहीये, नीट वाचा :) पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, निवडायचं कसं ते लिहायला हवं. जुलैत विनाएसी राहणं म्हणजे शिक्षाच. मी बुकिंगआधी मेल केला होता, उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. मी विचारलं होतं की खोलीत केटल आहे का, तर उत्तर आलं की खोलीत नाही पण गरम पाणी केव्हाही मागा, आणि तुमच्या आईंना पायऱ्या चालतील का? हे त्यांनी विचारलं, मी लिहिलं नव्हतं, फक्त वय लिहिलं होतं.

---

काटकसर_काका

हा प्रश्न मेलवर विचारण्याची आयडिया एक नंबर. मी बरीच वर्षं युरोपात कामानिमित्त स्वतःच्या खर्चाने फिरलोय (कंपनी देत असती तर मीही नेग्रेस्कोत राहिलो असतो, उगाच तत्त्वज्ञान झाडलं नसतं).

फ्रान्समध्ये हॉटेलच्या दाराशी तांबडी पाटी असते तारे लावलेली. ते तारे आतू फ्रान्स नावाची सरकारी पर्यटन संस्था देते, पाच वर्षांसाठी, आणि ते मोजतात काय, तर खोलीचं क्षेत्रफळ, रिसेप्शन किती तास उघडं, स्टाफला किती भाषा येतात, लिफ्ट, असलं सगळं. दोन तारेच्या डबल रूमला कमीत कमी ९ चौरस मीटर चालतं, पाच तारेला २४ लागतात. म्हणजे दोन तारेवाली खोली लहान असणार हे नियमातच धरलेलं आहे, त्यावरून हॉटेलला शिव्या घालण्यात अर्थ नाही. आणि मालकीणबाई शॉवरची थाप मारून म्हातारीचा मान राखतील का, ह्याला तारा नाही.

मी मेलवर विचारतो ते म्हणजे खोली रस्त्याकडे की अंगणाकडे (अंगणाकडची शांत असते पण कधीकधी अंधारी, वर तिरकस म्हणतात तशी विहीरही निघू शकते, म्हणून फोटो मागवायचा), एसी त्या खोलीत आहे की फक्त लॉबीत, टॉयलेट खोलीत आहे की पॅसेजमध्ये, कारण जुन्या एक तारेवाल्यांत शॉवर आत आणि संडास बाहेर असा प्रकार अजून असतो, आणि रात्री नवानंतर पोचलो तर दार कोण उघडणार. चार ओळींचा मेल. ज्याचं उत्तर कॉपीपेस्ट येतं तिथे राहत नाही.

रिव्ह्यू वाचताना मी आकडा बघत नाही. 'अडचण आली तेव्हा काय केलं' असं कोणी लिहिलंय का ते शोधतो. बॅग हरवली, आजारी पडलो, ट्रेन रद्द झाली, अशा रिव्ह्यूत हॉटेल खरं दिसतं.

---

ल्योनकर

फ्रान्समध्ये राहतोय म्हणून थोडी भर.

एक, आत शिरल्यावर आधी 'बोंजूर' (नमस्कार), मग थांबायचं, समोरून बोंजूर आलं की मग प्रश्न. आपण आपले घाईत 'एक्स्क्यूज मी, वायफाय पासवर्ड?' करतो आणि मग फ्रेंच लोक तुसडे असतात असं लिहितो. छोट्या हॉटेलात तर हे फारच, कारण तुम्ही त्यांच्या दृष्टीने अर्धवट त्यांच्या घरातच आलेले असता. निघताना चावी काउंटरवर ठेवून 'बोन जुर्ने' (दिवस छान जावो) म्हटलं तर संध्याकाळी वागण्यात फरक दिसतो, करून बघा.

दोन, तारखा. मे महिन्यात कानचा फिल्म फेस्टिवल असतो तेव्हा नीसपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर भाव चढतात, ट्रेनने अर्ध्यापाऊण तासावर आहे ना. मोनॅकोची ग्रां प्री, म्हणजे मोटारशर्यत, आधी मेअखेर असायची, २०२६पासून ती जूनच्या सुरुवातीला गेलीय, म्हणजे आता मे पण महाग आणि जूनचा पहिला आठवडा पण. फेब्रुवारीत नीसचा स्वतःचा कार्निव्हल असतो. जुलै-ऑगस्ट तर सगळा फ्रान्सच तिकडे. मला विचाराल तर एप्रिल किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. पाणी सप्टेंबरअखेर मस्त असतं, दिवसभर तापलेलं.

तीन, सागरवेडींच्या मिस्टरांचा मुद्दा कायद्यानेही बरोबर आहे. इथे १९८६चा किनारा कायदा आहे, किनारा सगळ्यांना खुला. प्रोमनादच्या खाली बीच क्लबवाल्यांच्या छत्र्या आणि आरामखुर्च्या दिसतात त्यांचे पैसे पडतात, पण त्यांच्या मधेमधे सार्वजनिक बीच आहेत, तिथे अंघोळीला थंड पाण्याचे शॉवरही असतात. आणि वर प्रोमनादवर त्या प्रसिद्ध निळ्या खुर्च्या, त्या फुकट, कितीही वेळ बसा.

फक्त एक, नीसला वाळू नाही. गोटे आहेत. अनवाणी चालताना भलभल्यांची चाल बिघडते. रबरी बूट घेऊन जा, पाण्यात घालायचे. वाळूच हवी असेल तर ट्रेनने आंतिबला जायचं, अर्ध्या तासाच्या आत.

---

मोरपीस

मस्त चाललाय धागा. वाचनखूण साठवली.

पण एक विरोधी मत नोंदवते. आम्ही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गेलो होतो आणि मुद्दाम समुद्रासमोरची खोली घेतली, दोनच रात्री, पुढच्या रात्री स्वस्तातल्या हॉटेलात काढल्या. आणि मला त्याचा काडीचा पश्चात्ताप नाही. पहाटे उठून बाल्कनीत बसल्यावर बे देझांज, म्हणजे तो अर्धवर्तुळाकार उपसागर, त्याचा रंग दर दहा मिनिटांनी बदलताना बघितलाय. खाली निळ्या खुर्चीत बसून ते दिसतं हे खरं, पण गाऊनवर, केस न विंचरता, हातात कॉफी घेऊन दिसत नाही ना! सगळ्यांनी नेहमी शहाण्यासारखंच वागायला हवं का?

---

तिरकस

मोरपीस +१. उपसागराचं सौंदर्य गाऊनवरच बघण्यात आहे.

---

सागरवेडी

मोरपीसताई, दोन रात्री तिथे आणि बाकीच्या इथे हे फारच आवडलं. माझा विरोध नाहीच. माझं एवढंच की बजेट ताणून ताणून समुद्रासमोरचं सगळ्यात स्वस्त हॉटेल घेऊ नका, कारण तिथे मग तुम्हाला व्ह्यू मिळतो तो मान वाकडी करून आणि खोली मिळते लिफ्टच्या मोटरशेजारी. त्याच पैशात दोन रस्ते मागे गेलात तर राजासारखे राहता.

---

इतिहासाचा_किडा

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

नीसचा हा श्रीमंती थाट मुळात हिवाळ्याचा आहे. इंग्रज लोक अठराव्या शतकापासून थंडी टाळायला इथे येत, प्रोमनादचं नावच मुळी इंग्रजांवरून. गाव १८६०मध्ये फ्रान्सला मिळालं, १८६४ला रेल्वे आली, आणि मग रशियन सरदार, इंग्रज लॉर्ड, सगळ्यांची रीघ लागली. तिथलं रशियन कॅथेड्रल १९१२चं आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं, म्हणजे तुमच्या त्या मादामच्या हॉटेलपासूनही लांब नसणार. व्हिक्टोरिया राणी तर सिमिएच्या टेकडीवर यायची, तिच्यासाठी म्हणून बांधलेलं रेजिना हॉटेल १८९७ला तयार झालं, पुढे त्याच इमारतीत चित्रकार मातिस राहत होता. उन्हाळ्यात समुद्रावर लोळायची फॅशन नंतरची, १९२०-३०च्या दशकातली. 'हिवाळी विश्रामाचं शहर' म्हणूनच २०२१ला युनेस्कोने नीसला जागतिक वारशात घेतलं.

आता धाग्याशी संबंध. हे सगळे राजेरजवाडे टेकडीवर आणि समुद्रावर राहत असताना रशियन लेखक आंतोन चेखव नीसला आला तो १८९७-९८च्या हिवाळ्यात, फुफ्फुसांचा आजार घेऊन, आणि उतरला कुठे, तर रू गुनोवरच्या 'पेन्शन रूस'मध्ये, स्टेशन आणि समुद्राच्या मधल्या गल्लीत, रशियन पाहुण्यांसाठी चालवलेल्या साध्या खाणावळवजा घरगुती हॉटेलात. १९००-०१च्या हिवाळ्यात परत आला तेव्हाही तिथेच. स्वतः डॉक्टर, तोवर नाव झालेला लेखक, पण जागा बदलली नाही. म्हणजे 'दोन रस्ते मागे' ही परंपरा जुनी आहे!

---

काटकसर_काका

किडेसाहेब, दंडवत. आता मी बायकोला सांगणार की मी कंजूष नाही, चेखवच्या परंपरेतला आहे.

---

पावशेर

खाण्याचं कोणी बोलेना म्हणून विचारतो. आम्ही दोघे शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. छोट्या हॉटेलात नाश्ता घ्यावा का? आणि जेवणाचे हाल होतात का? घरून पुऱ्या, थेपले न्यावे लागतील का?

---

सागरवेडी

पावशेर, नाश्ता म्हणजे पाव, क्रोसाँ, लोणी, जॅम, कॉफी, ज्यूस, कधी चीज आणि दही. क्रोसाँच्या वरची चकाकी बहुतेक ठिकाणी अंड्याची असते, त्यामुळे कडक पाळत असाल तर साधा बगेत (लांब पाव) घ्या, त्यात पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच. आमच्याकडे नाश्त्याचे माणशी दहाच्या आसपास होते, पहिल्या दिवशी घेतला. नंतर मादामनीच सांगितलं की कोपऱ्यावरच्या बेकरीतून ताजा बगेत आणा आणि आमच्या डायनिंगमध्ये बसून खा, कॉफीचे तेवढे द्या. कुठल्या मोठ्या हॉटेलात हे चालेल सांगा.

जेवणात सोका नक्की खा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. थोडक्यात आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त कडा करपलेल्या आणि मध्ये मऊ. सासूबाईंनी पहिल्या घासाला 'ह्यात ओवा पाहिजे होता' असा निकाल दिला आणि दुसरी प्लेट मागवली. कागदात मिळतो, हाताने खायचा, गारढोण झाला की मजा जाते.

---

ल्योनकर

पावशेर, सावध राहायच्या गोष्टी पण सांगतो. पिसालादिएर म्हणजे कांद्याची जाड पोळीसारखी भाजलेली भाकरी दिसते, वरून शाकाहारी वाटते, पण तिच्यात अँचोवी मासे असतात, नुसते वरून काढून उपयोग नाही. सलाद निस्वाझमध्ये मासे आणि अंडं दोन्ही, पां बान्या म्हणजे तेच सगळं पावात. तूर्त द ब्लेत नावाचा चार्डच्या पालेभाजीचा गोड पाय मिळतो, ऐकायला विचित्र पण भारी लागतो, मात्र अंडं असतं, तुमचं जमणार नाही. रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटो वगैरेंची शिजवलेली भाजी, तुमच्या कामाची. आणि रेस्टॉरंटमध्ये 'कराफ दो' म्हणून मागा, नळाचं पाणी फुकट मिळतं, बाटली घ्यायची गरज नाही.

कूर सालेयाचा बाजार सगळ्यांना माहीत असतो, फुलं आणि भाज्यांचा. सोमवारी तिथे भाजी नाही, जुन्या वस्तूंचा बाजार असतो. पण तुम्ही स्टेशनजवळ राहणार असाल तर उलट्या दिशेला लिबरासियाँचा बाजार गाठा, एक नंबरची ट्राम जाते, गावातले लोक तिथे घेतात. तोही सोमवारी बंद.

---

निवांत_नाना

आमच्या वयाच्या लोकांनी कसं जावं ह्याबद्दल कोणी लिहील का? मुलगा म्हणतो टॅक्सी करा, टॅक्सी लुटतात असं ऐकलंय. विमानतळ ते हॉटेल हाच आमचा मोठा प्रश्न असतो, एकदा बॅगा टेकल्या की आम्ही फिरतो.

---

सागरवेडी

नाना, नीसचा विमानतळ शहराला चिकटूनच आहे, सहासात किलोमीटर. ट्राम दोन नंबर थेट दोन्ही टर्मिनलवरून निघते, शहराच्या मध्यात जमिनीखालून जाते, झाँ मेदसाँला उतरलात की एक नंबरची ट्राम पकडून गार तिएर, म्हणजे स्टेशनचा स्टॉप. विमानतळाचं तिकीट साध्या तिकिटापेक्षा महाग असतं, मशिनवर तसा पर्याय दिसतो, तोच घ्या, चेकर येतात. बॅगा जड असतील आणि रात्र असेल तर मात्र टॅक्सी करा हो, विमानतळ ते शहर ह्याचा दर बांधलेला असतो, बसण्याआधी विचारून घ्यायचा.

एक नंबरच्या ट्रामला गर्दीत पाकीट सांभाळा. स्टेशनचा परिसर दिवसा ठीकठाक, रात्री थोडा उदास वाटतो, भीतीदायक नाही. आम्ही साडेनवाला परतायचो, सासूबाई पुढे आणि आम्ही मागे.

फिरायचं म्हणाल तर स्टेशनजवळ राहण्याचा खरा फायदा इथे आहे. व्हिलफ्रांश दहा मिनिटांच्या आत, तिथला बीच शांत आणि पायाला मऊ. मोनॅको पंचवीसेक मिनिटं. मांतोंला जाऊन लिंबांची झाडं बघून दुपारच्या झोपेला परत येता येतं. समुद्रासमोर राहणारे आधी स्टेशन गाठणार, मग गाडी. आणि शातोच्या (जुन्या किल्ल्याच्या) टेकडीवर चढायला लिफ्ट आहे, फुकट, नाना तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलं. दुपारी बाराला तिथे जोरात बार उडतो, दचकू नका. एका स्कॉटिश साहेबाने १८६०च्या सुमारास ही प्रथा पाडली म्हणतात, बायकोला गप्पांतून उठून जेवायला घरी यायची आठवण व्हावी म्हणून.

---

मोरपीस

बायको वेळेवर येत नाही म्हणून अख्ख्या गावात तोफ! स्वतः वाढून घेता आलं नसतं का त्याला.

---

धास्तावलेला_प्रवासी

माझा प्रश्न वेगळा आहे. व्हिसाला हॉटेल बुकिंग दाखवावं लागतं ना, मग अशा छोट्या हॉटेलचं बुकिंग चालतं का? एजंट म्हणतो मोठ्या चेनचंच दाखवा, नाहीतर रिजेक्ट होतं. आणि पैसे आधी भरायचे का?

---

काटकसर_काका

एजंटला त्यात कमिशन असणार. शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो, तो सगळ्या रात्रींचा, तारखा प्रवासाशी जुळणारा आणि अर्ज करणाऱ्या सगळ्यांची नावं असलेला हवा. हॉटेल किती तारे हे कुठे लिहिलेलं नाही. आमचे व्हिसा दोन तारेच्या बुकिंगवरच झालेत. मी फुकट कॅन्सल होणारं बुकिंग करतो, व्हिसा मिळाला की हॉटेलला थेट मेल टाकून विचारतो की सरळ तुमच्याकडे बुक केलं तर काय द्याल, बरेचदा थोडे कमी करतात किंवा नाश्ता देतात, कारण वेबसाइटला द्यायचं कमिशन वाचतं. मग जुनं कॅन्सल. बाकी इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा, आणि मोठ्या माणसाची व्हिसा फी जून २०२४पासून ९० युरो आहे, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

---

तिरकस

कबूल करतो काका, थेट मेलचा फंडा माहीत नव्हता. येत्या ऑक्टोबरात मित्रांबरोबर जायचं घाटतंय. सागरवेडी, व्यनि केलाय, नाव पाठवा. पण त्या तळमजल्यावरच्या खोलीची खिडकी कुठे उघडते ते आधी सांगा.

---

सागरवेडी

:) अंगणात. अंगणात एक लिंबाचं झाड कुंडीत, दोन लोखंडी खुर्च्या आणि कपडे वाळत घालायची दोरी, तीवर हॉटेलचेच टॉवेल. सकाळी साडेसातला ते टॉवेल काढायला बाई येते आणि गाणं म्हणते, झोपमोड झाली तर तक्रार करू नका. एसी आहे. रिसेप्शन रात्रभर. व्यनिला उत्तर दिलंय.

---

छोटी_मावशी

उशिरा येतेय धाग्यावर. आमच्याबरोबर सव्वा वर्षाचं बाळ असेल, एवढ्याशा खोलीत पाळणा मावेल का? आणि हॉटेलकडे असतो का, की आपणच काही न्यायचं?

---

सागरवेडी

मावशी, तुमच्यासाठी मादामना मेल टाकला होता, आजच उत्तर आलं. पाळण्याचे पैसे नाहीत, पण संबंध हॉटेलात एकच आहे, त्यामुळे तारीख ठरली की लगेच कळवा म्हणाल्यात. तो फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत मावतो, त्यांतलीच एक मागा. बाळगाडी लिफ्टपाशी ठेवता येईल. दूध गरम करायला रात्री खाली आलात तरी चालेल असंही लिहिलंय.